अण्णाराव गुरुजींचं अपूर्ण प्रशिक्षण

विश्वास ठेवायचा तर ठेवा. अर्पिता माझी सख्खी मावसबहीण. भुताखेताच्या नावानं नाक मुरडणारी. तिनं हे सांगितलं तेव्हा मला घाम फुटला.

मागच्या मार्गशीर्षातला शनिवार. माकणीजवळच्या एका वस्तीवरची शाळा. सकाळची शाळा सुटून पोरं घरी गेलेली. भर दुपार होती... आणि लाईट नव्हती.

ऑफिसात तिघंच. मुख्याध्यापक शिवलिंगप्पा सर, कृष्णराज सर आणि अर्पिता. अर्पिता अजून शिक्षणसेवक. नोकरी पक्की व्हायची होती.

आणि तीच नोकरी टांगणीला लागली होती.

त्यांच्यातले अण्णाराव गुरुजी जुलैत वारले. पण त्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण मात्र पुढं सरकत होतं...

"वरून फोन आलाय," शिवलिंगप्पा सर म्हणाले. "मयत माणसाचे व्हिडिओ कोण बघतंय? सोमवारी खुलासा द्यायचाय, मॅडम. त्यांच्या खात्याला नंबर तुमचाच हाय की."

ते खरं होतं. गुरुजींकडं बटणांचा फोन. "पोरी, तेवढं माझं बी उरकून टाक," म्हणायचे. अर्पिता टेबलावर सगळ्यांचे फोन ओळीनं मांडायची, आवाज बंद करून व्हिडिओ लावायची आणि वर्गावर जायची. गुरुजींचा व्हिडिओही तिच्याच जुन्या फोनवर चालायचा. शेवटची प्रश्नोत्तरंही तीच भरायची. सगळे पास!

तिचा संशय कृष्णराजवर होता. टीव्ही असलेल्या डिजिटल वर्गाची किल्ली त्याच्याकडून काढून तिला दिल्यापासून तो तिला पाण्यात पाहायचा. गुरुजींचा पासवर्डही त्याला ठाऊक होता.

म्हणून तिनं त्याच दुपारी पासवर्ड बदलला. कुणालाच सांगितला नाही.

"कृष्णराज सर, तुमचा फोन बंद करून इथं ठेवा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी व्हय?" कृष्णराज भडकला. पण ठेवला.

तिघंही टेबलाभोवती बसले.

थोड्या वेळानं अर्पिताच्या फोनवर मेसेज आला.

'अण्णाराव, तुमचे प्रशिक्षण पुन्हा सुरू झाले आहे.'

तिनं कृष्णराजकडं पाहिलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते.

आणि तेवढ्यात... डिजिटल वर्गातून आवाज आला.

एक बाई बोलत होती. शांत, प्रशिक्षणात बोलतात तशी. एकच वाक्य. थांबायची... पुन्हा तेच वाक्य. पुन्हा तेच.

शिवलिंगप्पा सरांचा चेहरा उतरला. गुरुजींना कमी ऐकू यायचं. प्रत्येक बैठकीत कानामागं हात धरून म्हणायचे, "पुन्हा सांगा."

"लाईट न्हाय," कृष्णराज पुटपुटला. "मग टीव्ही कसा...?"

वर्गाला कुलूप होतं. किल्ली अर्पिताच्या पर्समध्ये. तिनं कुलूप काढलं.

आवाज थांबला.

टीव्ही काळाठिक्कर. वर्गात कुणी नव्हतं. फक्त पुढची सतरंजी अंथरलेली... सकाळी तिनं स्वतः गुंडाळून ठेवलेली.

तिनं फोनवर पाहिलं. गुरुजींचा व्हिडिओ एकाच जागी अडला होता. तिनं आवाज मोठा करून तो लावला. तीच बाई बोलू लागली.

'छातीत कळ येऊन माणूस कोसळला आणि श्वास थांबला, तर दोन्ही हातांनी छाती दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका...'

कृष्णराजनं फळ्याकडं पाहिलं.

जुलैत गुरुजी याच वर्गात, फळ्याला धरून कोसळले होते. तिघंही धावले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी जीप बघायला पळालं. छातीला हात कुणीच लावला नाही.

हा व्हिडिओ जूनमधला होता. तिघांकडंही त्याचं प्रमाणपत्र होतं.

सोमवारी खुलाशात 'तांत्रिक बिघाड' असं लिहून दिलं. तिची नोकरी वाचली.

आता दर शनिवारी शाळा सुटली की तिघं मिळून तो व्हिडिओ पुरा बघतात. उशीवर हात ठेवून सराव करतात. तरी मेसेज येतोच... 'अण्णाराव, तुमचे प्रशिक्षण अपूर्ण आहे.'

"यात कृष्णराजचाच काही डाव असेल," असं ती अजूनही म्हणते. पण म्हणताना नजर चुकवते.

मी म्हटलं, "अगं, नंबर बदलून टाक ना!"

"आणि गुरुजींनी मग 'पुन्हा सांगा' कुणाला म्हणायचं?"

तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. आवाज मात्र बंद केला नाही.