शर्यतीतला दुसरा घोडा

बुरुलनं लगाम खेचेपर्यंत तिची घोडी पंचांच्या टेबलावर चढायलाच निघाली होती. टेबलामागचा तरुण कागद कवटाळून मागे सरकला.

"आधी मला तुडवून मग नाव नोंदवणार का?"

"भर वाटेत टेबल मांडलंत, तिनं जावं कुठून?"

तो हसला. बाई गं, काय हसू ते! पण लगेच त्यानं तिचा चाबूक तपासून बाजूला ठेवला.

"लोखंडी मूठ चालणार नाही."

"आजोबांचा आहे!"

"असेल... पण घोडीला लागतं."

केवढा ताठा, असं पुटपुटत बुरुल निघाली. तरी तिनं वळून पाहिलंच.

पहिली येणारी मुलगी जिल्ह्याच्या संघात जाणार होती. त्या जागेसाठी बुरुल तीन उन्हाळे झुरत होती. त्यात सकाळी घोडीचं दूध काढण्याच्या गडबडीत तिनं शिंगराची दोरी धड बांधलीच नव्हती.

शेवटच्या वळणावर ती सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात शिंगरू खिंकाळत आलं आणि घोडी जागच्या जागी थांबली. पोरगं दूध पिऊ लागलं! "चल गं, माझी आई," बुरुल रडकुंडीला आली. दोघीजणी पुढे निघून गेल्या. मग पोट भरलेलं पिल्लू बाजूला झालं, घोडी अशी सुटली की मानेच्या अंतरानं जिंकली. शिंगरूही मागोमाग पोचलं.

दुसऱ्या आलेल्या मुलीचा मामा, साबिर, नियमांचं पुस्तक नाचवत आला. "दुसरा घोडा सोबत धावला तर स्वार बाद! वाचा, मेलिस!"

तरुण पंचानं नियम मोठ्यानं वाचला. मग पुस्तक मिटून तो साबिरकडे वळला.

"मामा, हा नियम का केला? ताज्या दमाचा घोडा शेजारी पळवून लोक आपल्या घोड्याला ओढून न्यायचे, म्हणूनच ना?"

"हो तर!"

"मग या पठ्ठ्यानं आईला ओढलं, की अडवलं?"

सगळं कुरण खदखदून हसलं.

"पण कागदावर..."

"तक्रार लिहून द्या, माझ्या नावासकट वर पाठवतो. बुरुल पहिली!"

मामानं डोकं खाजवलं, मग शिंगराचा कान. तक्रार काही त्यानं लिहिली नाही.

बुरुल मेलिसकडे बघतच राहिली. सकाळी आजोबांच्या चाबकापुढे न नमलेला हा माणूस आता पुस्तकापुढेही नमला नव्हता. दोन्ही वेळा त्यानं बिचाऱ्या घोडीचाच विचार केला होता. तिला तो फार फार आवडला.

संध्याकाळी ती घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा घेऊन गेली. त्यानं चाबूक परत दिला, वाडगा मात्र घेतला नाही.

"आधी एक सांगतो... यापुढे तुमच्या शर्यतीला मी पंच नसेन."

"का? माझं काही चुकलं?"

"आपल्या माणसाच्या शर्यतीत पंच होऊ नये, असा नियम आहे." त्याचे कान लाल झाले होते. "आज सकाळी तुम्ही परक्या होतात. आता... मला खात्री देता येत नाही."

बुरुलनं वाडगा त्याच्या हातात ठेवला. हात मात्र काढून घेतला नाही.

"हा नियम," ती हळूच म्हणाली, "अगदी काटेकोर पाळ हं, मेलिस."