समुद्रकमळांमध्ये एक दात

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो दगड चाटत होता.

चांगला उंचापुरा माणूस, पाठीला सॅक, पायात दणकट बूट… आणि हातातला पांढरट दगड जिभेने मन लावून चाटतोय! टेकडीच्या वळणावर ती अचानक समोर आली, तसा तो इतका दचकला की जीभ आत घ्यायचंच विसरला.

"भूक लागली असेल तर माझ्याकडे बिस्किटं आहेत," ती म्हणाली.

"नको… म्हणजे, तसं नाही हो!" त्याने दगड घाईघाईने शर्टाला पुसला. "चुनखडीचा दगड ओला केला की आतली नक्षी दिसते. पाण्याची बाटली गेलीय सॅकच्या तळाशी, म्हणून—"

"म्हणून जीभ."

"ती कशी, नेहमी हाताशी असते."

झालं! ती पोट धरधरून हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, आपण तोंडावर हात धरायला विसरलो. अनोळखी माणसासमोर असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

कारण तिचा वरचा, पुढचा एक दात खोटा होता. शाळेत असताना झोपाळ्याच्या फळीने खरा दात नेला आणि त्या जागी छोट्याशा गुलाबी पट्टीवर बसवलेला नकली दात आला. रात्री काढून ठेवायचा, सकाळी लावायचा. पुढे एकाशी लग्न जवळजवळ ठरलं होतं. मित्रमैत्रिणींच्या सहलीत त्याने तिला सकाळी सकाळी, दात लावायच्या आधी, हसताना पाहिलं. आधी तो फक्त तिच्याकडे बघायचं टाळायला लागला, मग भेटायचं. तेव्हापासून तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. गंमत म्हणजे, अडखळणाऱ्या मुलांना नीट बोलायला शिकवणं हे तिचं काम. "लपवायचं नाही राजा, तोंड उघडून बोल," हे ती रोज सांगायची… दुसऱ्यांना!

तो संग्रहालयात कामाला होता. सुई आणि ब्रश घेऊन दगडात अडकलेले जीवाश्म हळूहळू मोकळे करायचे, हा त्याचा उद्योग.

"एका माशामागे पूर्ण हिवाळा गेला," तो म्हणाला.

"कंटाळला असेल बिचारा मासा."

"छे! त्याला लाखो वर्षांची सवय. कंटाळलीय ती माझी आई. म्हणते, माशांपायी तू असाच राहणार."

"मग एखादी बरी मासोळी बघा म्हणावं."

तो हसला. कानापर्यंत लाल झाला. तिला उगाचच वारा फार छान सुटलाय असं वाटलं.

तिच्याबरोबर आलेली मावशी गुडघे चोळत खाली पायवाटेच्या बाकावर बसली होती. "तू ये वर जाऊन, मी इथेच बरी," असं म्हणून तिने भाचीला पिटाळलं होतं. भाचीला आता खाली जायची घाई नव्हती. दोघं टेकडीवरच्या एका जुन्या खाणीच्या काठाकाठाने चालत राहिली. पायाखाली शर्टाच्या बटणाएवढ्या पांढऱ्या चकत्यांचा नुसता सडा पडला होता.

"समुद्रकमळाच्या देठाचे तुकडे. दिसायला फूल, पण समुद्रातला प्राणी," त्याने एक चकती तिच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं क्षणभर तिथेच रेंगाळली… "इथे समुद्र होता. आपण तळाशी उभे आहोत."

तिने मान वर केली. निळं, खोल, शांत आभाळ. खरंच, डोक्यावर पाणी असल्यासारखं.

"थांबा, दगड आतून कसा असतो ते दाखवतो," म्हणत त्याने हातोडीने एक दगड फोडला. पांढरी धूळ उडाली, तिच्या नाकात गेली आणि—

शिंक! अशी सणसणीत, की झुडपातली पाखरं उडाली. आणि पाखरांबरोबर दातही.

तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. जमिनीकडे पाहिलं. सगळीकडे पांढऱ्या चकत्या. त्यात एक दात कुठे शोधायचा?

"बरं वाटत नाहीये का?" त्याने विचारलं.

"अंहं."

"पाणी देऊ?"

"उंहू."

कुठली अक्षरं दातावाचून फसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून ती नुसती हुंकारत राहिली, आणि त्याच्याकडे पाठ करून खाली वाकली. तो दोन वाक्यं बोलला, मग एकच.

"मी… निघतो मग," शेवटी तो म्हणाला. "तुम्हाला एकटीला फिरायचं असेल. माझं भान सुटतं बोलताना." त्याने हातोडी सॅकमध्ये टाकली, पट्टे खांद्यावर चढवले.

त्याची पावलं खडीवर वाजायला लागली. एक वळण, की दिसेनासा झाला असता. दात लपला असता, आणि हा माणूस गेला असता.

"थांबा!" तिने हात खाली घेतले. "शिंकले ना, तेव्हा दात सटकला माझा. पुढचा. खोटा आहे तो."

'श'वर आणि 'स'वर चक्क शीळ वाजली. ती वळली आणि मुद्दाम, नीट तोंड उघडून त्याच्यासमोर उभी राहिली. जे काही बघायचं टाळायचं असेल, ते आत्ताच टाळ म्हणावं.

त्याने टाळलं नाही. नीट पाहिलं. आणि मटकन दगडावरच बसला.

"दात? नुसता दात? …हुश्श!" त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "अहो, मला वाटलं, मी नकोसा झालो! मासे काय, दगड काय, केवढा बडबडलो मी. आणि नेमकं तुम्हीच… तुम्ही कंटाळू नये, असं फार वाटत होतं हो मला."

तिला हसावं की रडावं कळेना. छातीवरचं कसलं तरी ओझं उतरून डोंगरावरून गडगडत खाली गेल्यासारखं झालं.

मग दोघं गुडघ्यांवर रांगायला लागली.

"तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"कुणाचं?"

"तुमचं! शिंकताना."

गवताच्या एका झुबक्यात त्याला काहीतरी गुलाबी दिसलं. त्याने ते अलगद तळहातावर घेतलं, ब्रशने धूळ झटकली आणि कामावर असल्यासारखा गंभीर चेहरा केला.

"वरचा, पुढचा. उत्तम स्थितीत. मालकीण हयात." त्याने वर पाहिलं. "आमच्याकडे हे पहिल्यांदाच घडतंय."

ती अशी खदखदून हसली की तिलाच धरायला कुणीतरी लागलं. तो होताच.

"लावता ना?" दात धुवायला म्हणून त्याने बाटली शोधायला सॅक उपसली.

"धुळीत पडलाय. घरी जाऊन स्वच्छ करीन." तिने तो रुमालात गुंडाळून खिशात टाकला. "तोवर शीळ ऐकावी लागेल. चालेल तुला?"

'तुला' तोंडातून गेल्यावर तिने जीभ चावली. त्याने मात्र ते ऐकून हात पुढे केला… उतार निसरडा होता, एवढंच काही कारण नव्हतं.

मावशीला ती दोघं लांबूनच दिसली. हातात हात, आणि भाची भर उन्हात, खिंडार उघडं टाकून हसतेय! "अगं, तुझा दा—" मावशीने हाक मारायला तोंड उघडलं. मग त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा भाचीकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

बाकावर पसरलेली शाल तिने गोळा करून मांडीवर घेतली, आणि दोघांपुरती जागा करून एका कडेला सरकून बसली.