अकरा घरांचं पाणी

तांबडमाळावर लघवी वाया घालवणं हा गुन्हा होता. मंगळावरच्या या मराठी वसाहतीत चारशे माणसं राहत होती आणि पाणी मोजकंच होतं. त्यामुळे लघवी, आंघोळीचं पाणी, भांडी विसळलेलं पाणी, सगळं गोळा होऊन गाळणघरात जाई. तिथे ते तापवून, गाळून शेवटी शेवाळाच्या टाक्यांतून फिरवत. गाळणीतून निसटलेली द्रव्यं शेवाळ खाऊन टाकी आणि नवव्या दिवशी तेच पाणी पुन्हा नळाला येई. या चक्राला लोक जलफेरा म्हणत. दहा वर्षांत प्रत्येकाने प्रत्येकाचं पाणी शेकडो वेळा प्यायलं होतं आणि कोणालाही काही झालं नव्हतं.

गाळणघर सांभाळायचा जालिंदर सोनकांबळे. त्याच्याइतका हुशार रसायन-अभियंता वसाहतीत दुसरा नव्हता. पण पृथ्वी सोडताना प्रत्येकाच्या सामानाचं वजन झालं होतं, आडनावांचं झालं नव्हतं. ती सगळी जशीच्या तशी इथवर आली.

एका सकाळी रहिवासी मंडळाचे अध्यक्ष विश्वासराव देवपूजेला बसले असताना त्यांच्या मनात आलं, की आपण देवाला नाही नाही त्यांचं पाणी घालतो आहोत. महिन्याभरात हा विचार आणखी दहा घरांना पटला. मग श्रद्धेचा प्रश्न म्हणून ठराव झाला, आणि श्रद्धेचा प्रश्न म्हटल्यावर कोणी तोंड उघडलं नाही. अकरा घरांसाठी स्वतंत्र जलफेरा मंजूर झाला. हवाही वेगळी हवी होती, पण दुसरं हवायंत्र पृथ्वीवरून यायला चार वर्षं लागली असती. तोवर श्वास बाटत नाही असं ठरवण्यात आलं.

नवा फेरा बांधला अर्थात जालिंदरनेच. दुसऱ्या कोणाला तो बांधता येत नव्हता.

पाच महिन्यांनी विश्वासरावांची सहा वर्षांची नात रेवा वर्गात चक्कर येऊन पडली. आठवड्यात तीनदा पडली. वसाहतीच्या डॉक्टर यमुना शिंगटे यांनी तिचं रक्त तपासलं आणि विश्वासरावांना दवाखान्यात बोलावून घेतलं.

"हृदयाचे ठोके मंद करणारं औषध तिच्या रक्तात सापडलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज गोळी घेता, तेच."

"माझी डबी कुलपात असते, डॉक्टर."

"लघवीला कुलूप नसतं, विश्वासराव. औषध लघवीतून बाहेर पडतं आणि गाळणीत ते पुरतं अडत नाही. मोठ्या फेऱ्यात ते चारशे जणांच्या पाण्यात विरतं, आणि शेवाळाच्या चाळीस टाक्या उरलंसुरलं पचवतात. तुमच्याकडे टाकी एक, आणि ही गोळी घेणारे म्हातारे सात. दर फेऱ्याला थोडं औषध मागे उरतं, त्यात नवीन भर पडते. मोठ्यांना ते जाणवत नाही. वीस किलोच्या पोरीचं हृदय त्याने थांबू शकतं."

विश्वासरावांचा जीव होता त्या पोरीवर.

"मी गोळी बंद केली तर?"

"तर तुम्ही जाल. आणि बाकीचे सहा जण गोळी घेतच राहतील. त्यापेक्षा दोन फेऱ्यांमधली झडप उघडा, दोन्ही पाणी एक होऊ द्या. जालिंदरला दहा मिनिटांचं काम आहे."

"सभा बोलवावी लागेल," विश्वासराव म्हणाले.

सभा झाली. डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. त्यांना वाटलं होतं, पोरीच्या जिवापुढे कोणी हट्ट धरणार नाही. पण विश्वासरावांची सून मृण्मयी, रेवाची आई, उठून उभी राहिली.

"बाबा, राग मानू नका," ती म्हणाली. "मला माझी मुलगी हवीय. पण पाणी एकत्र करायचं म्हणजे इतके दिवस पाळलं ते सगळं मातीत घालायचं. दोष गोळीचा आहे ना? मग गोळ्या घेणाऱ्यांनी पलीकडे राहायला जावं."

सगळे विश्वासरावांकडे बघू लागले. तत्त्व त्यांचंच होतं. पहिला हात त्यांनीच वर केला.

सात म्हाताऱ्यांना गाळणघराला लागून खोल्या मिळाल्या. जालिंदर त्यांचे नळ जोडत असताना डॉक्टर तिथे आल्या.

"पुढच्या वर्षी तिकडे आणखी कोणाचं काहीतरी साठेल," त्या म्हणाल्या.

"मग त्यालाबी काढतील, मॅडम," जालिंदर म्हणाला. "झडप काय उघडायचे नाहीत."

रेवा सुधारली. तिच्या गालांवर रंग आला. दोन महिन्यांनी विश्वासरावांना राहवेना, म्हणून ते पायीच अकरा घरांकडे निघाले. आत जायला त्यांना मनाई होती. ते दारापाशी थांबले, तेव्हा त्यांना धाप लागली होती. जालिंदर तिथेच नळीची गळती काढत बसला होता.

रेवा धावत दाराशी आली. आजोबांनी पाणी मागितलं. ती तांब्या भरून घेऊन आली, पण त्यांनी हात पुढे केल्याबरोबर दोन पावलं मागे सरली.

"तांब्याला शिवू नका, आजोबा. आई रागावेल. खाली बसा आणि ओंजळ करा."

विश्वासराव बसले. रेवा पायरीवर चढली आणि तिने वरून धार धरली. मंगळावर पाणी सावकाश पडतं. त्यातलं अर्धं बोटांच्या फटीतून गेलं, उरलेलं ते मान खाली घालून प्यायले. ही रीत पोरीला कोणी शिकवली नव्हती. ती पृथ्वीवर कधी गेलीच नव्हती.

जालिंदरच्या हातातला पाना थांबला. नांदेडकडच्या गावात त्याचे पणजोबा असंच पाणी प्यायचे. पाण्याची धार मनगटावरून कोपरापर्यंत कशी ओघळायची, हे त्याला लहानपणी आजोबांनी करून दाखवलं होतं. या माणसावर हीच वेळ यावी असं नवा फेरा बांधताना त्याच्या कितीदा तरी मनात आलं होतं. आता ती आली होती, आणि त्याला काही बरं वाटेना.

विश्वासरावांनी तोंड पुसलं. त्यांचे डोळे भरून आले होते. जालिंदरकडे वळून ते कौतुकाने म्हणाले,

"बघितलंस? थेंबसुद्धा परत तांब्यावर उडू दिला नाही. शहाणी आहे माझी नात."