खुर्चीसकट वर गेलेली आजी

आचोळ्याच्या उन्नत स्थानकाला इतिहास नव्हता, म्हणून तो लिहायचं काम मला मिळालं. आधी तिथे भातशेत होतं, मग डबकं, मग गॅरेजांची रांग आणि आता खांबांवर स्टेशन. संपलं. पण जिन्यापाशी लावायच्या स्टीलच्या फलकावर 'स्थानकाचा इतिहास' हे शीर्षक आधीच कोरून आलं होतं आणि खाली भलीमोठी जागा मोकळी होती.

"हर्षवर्धन, थोडं हृदयस्पर्शी लिही," आमच्या एजन्सीच्या ज्ञानदा मॅडम म्हणाल्या. "वाचून डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. पण जिन्यावर गर्दी व्हायला नको."

मी लिहिलं, की या जागेवर एक आजी राहायची. ती घर सोडायला तयार झाली, खुर्ची सोडायला नाही. शेवटी तिला खुर्चीसकट फलाटावर घेतलं आणि काम जसजसं वर गेलं, तसतशी आजीही वर गेली. ती अजून खाली आलेली नाही.

कोणीतरी कापेल, असं मला वाटलं होतं. मजकूर बऱ्याच टेबलांवरून फिरला. सगळ्यांनी तळाशी असलेल्या मान्यवरांच्या नावांचा क्रम तेवढा तपासला. एका 'श्री.'चं 'मा.' झालं. आजी तशीच राहिली.

मग चित्र हवं होतं. माझ्या फोनमध्ये एल्रॉयच्या आजीचा फोटो होता. एल्रॉय माझा कॉलेजपासूनचा मित्र, पापडी गावचा. फोटोत जोआना आजी ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसून उन्हात वाळवायच्या सुकेळीसाठी केळी सोलत होती. विचारायला हवं होतं. पण विचारायचं, तर काय लिहिलंय तेही सांगावं लागलं असतं, आणि ही बाई दर सणाला माझ्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढते. स्टीलवरच्या रेघांमध्ये कोण ओळखणार, असं म्हणून मी फोटो पाठवून दिला.

स्टेशन सुरू झालं. त्यानंतरच्या रविवारी पापडीला गेलो, तर आजी त्याच ओट्यावर, त्याच खुर्चीत होती. फक्त तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"म्हातारपणी माणूस आखडतं," एल्रॉयची आई, शर्ली आंटी म्हणाली. एल्रॉयने पायांखाली पाट सरकवला होता. पाट आणि पाय यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

"काल टेकत होते," तो म्हणाला.

"ये बाबा," आजी मला म्हणाली. मी तिच्यासमोर उभा होतो, ती बसलेली. तरी माझ्याकडे बघायला तिने मान खाली घातली. "टाळूवरचे केस गेले रे तुझे. रुपयाएवढं टक्कल पडलंय."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन दोन आरसे लावून बघितलं. रुपयाएवढंच होतं.

पुढच्या खेपेला आजी हसत नव्हती. खुर्चीचे हात तिने घट्ट धरले होते. ओट्यावर वाऱ्याचं नाव नव्हतं, कुंडीतलं पान हलत नव्हतं, आणि आजीच्या लुगड्याचा पदर एकसारखा फडफडत होता. शर्ली आंटीने त्याला पिना लावल्या होत्या.

"आई, आत चला, जेवायला," ती आजीच्या कानाशी वाकून म्हणाली.

"खालून कोण हाक मारतंय?" आजीने ओरडून विचारलं.

"मी, शर्ली. उठा बघू."

"उठू कशी? जिना कुठाय?"

मी आणि एल्रॉयने तिला काखेत धरून उचलायला बघितलं. तिने माझं मनगट असं पकडलं, की नखं रुतली. "सोडू नका रे," ती म्हणाली, "सोडू नका." आम्ही तिला परत बसवलं. जेवण तिथेच दिलं.

एल्रॉय मला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेला. "तुला काय वाटतं? ती अशी किती दिवस बसणार?"

"कॅल्शियम कमी झालं असेल," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. त्याला ते पटलं, याचीच मला जास्त लाज वाटली.

तिथून मी थेट आचोळ्याला गेलो. फलाटावर देखभालीचे सुपरवायझर चंद्रहास भेटले. बांधकामापासून ते इथेच होते.

"तो फलक काढा," मी म्हणालो. "ती आजी खोटी आहे. मी मनाने लिहिलीय."

"खोटी कशी? मी स्वतः उचललीय. हा खांदा अजून दुखतो." त्यांनी खांदा चोळला. "वजन काही नव्हतं हो. पण बाई खुर्ची हलू देत नव्हती. चहासुद्धा बिनसाखरेचाच लागायचा तिला."

"मग आता कुठे आहे?"

"असते की," म्हणत त्यांनी हनुवटीने दाखवलं.

फलाटाच्या टोकाला रिकामी जागा होती. लोक फोनमध्ये बघत चालत होते आणि तिथे पोचले, की न बघता दोन्ही बाजूंनी फाकत होते. खुर्चीएवढी जागा सोडून.

मी ज्ञानदा मॅडमना फोन लावला. खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"मॅडम, मान्यवरांच्या नावांचा क्रम चुकलाय."

अख्खी आजी कोणाला खटकली नव्हती. क्रम चुकलाय म्हटल्यावर माणसं स्क्रूड्रायव्हर घेऊन धावत आली. संध्याकाळच्या आत फलक भिंतीवरून उतरला.

मी फलाटाच्या टोकाकडे बघितलं. लोक त्या जागेवरून सरळ चालत होते.

सुटलो, असं वाटलं. चहा घेतला.

कप संपायच्या आत एल्रॉयचा फोन आला. मागे हॉस्पिटलचा आवाज होता.

"आजी पडली."

"खुर्चीतून?"

"खुर्चीतूनच. मी समोर उभा होतो."

"कशी आहे?"

"जिवंत आहे. दोन्ही पाय गेलेत. कंबर गेलीय."

फोनमध्ये दार लोटल्याचा आवाज आला.

"डॉक्टर मला बाजूला घेऊन विचारतायत," तो हळू आवाजात म्हणाला. "घाबरू नका, खरं सांगा, म्हणतायत. कितव्या मजल्यावरून पडल्या?"