खिशातली ग्रिप

हे वाचून तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण यात मी काहीही वाढवलेलं नाही. तारखा माझ्या वहीत आहेत. रविंद्रचं नाव त्याला विचारूनच लिहिलंय.

मी माधुरी. शाळेत विज्ञान शिकवते. शेणवे गावाच्या पुढे दोन किलोमीटरवर आमचं घर आहे. घरात मी एकटीच असते.

पहिल्यांदा झालं ते मंगळवारी, १२ डिसेंबर २०२३ ला. संध्याकाळचे सव्वासहा.

शाळेतून आले, कुलूप उघडलं, बटण दाबलं. दिवा लागला नाही.

शेजारी हौसाकाकीकडे टीव्ही चालू होता. म्हणजे गावातली लाइट होती. आमचाच फ्यूज उडाला असणार, असं वाटलं. मोबाइलचा उजेड बोर्डावर धरला.

फ्यूज उडाला नव्हता...

फ्यूजची ग्रिप जागेवर नव्हतीच.

ज्यांनी जुने बोर्ड पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. लाकडी फळीवर चिनीमातीचा खाचा असतो. त्यात बसते ती पांढरी, हातभर नव्हे, बोटभर लांबीची ग्रिप. तिच्यात फ्यूजची तार असते. ग्रिप ओढून काढली की घराचा करंट बंद.

खाच्यातल्या दोन पितळी पट्ट्या नुसत्या उघड्या चमकत होत्या.

मी जमिनीवर शोधलं, फ्रिजखाली शोधलं. मग दारामागच्या खिळ्याकडे लक्ष गेलं. तिथे माझ्या यजमानांचा कामाचा राखाडी शर्ट दीड वर्ष लटकत होता. तो मी कधी काढला नव्हता.

त्याचा खिसा खाली ओढला गेला होता.

ग्रिप खिशात होती... आणि कोमट होती.

मी सकाळी दहाला घर बंद केलं होतं.

माझे यजमान अनंता वायरमन होते. खर्डीपासून मुरबाडपर्यंत लग्नाचे मांडव, नवी घरं, विहिरीवरच्या मोटारी, सगळी कामं करायचे. त्यांचा एक नियम होता. कुठेही काम करायचं तर आधी ग्रिप काढून स्वतःच्या खिशात टाकायची. ग्रिप खिशात आहे तोवर कुणी करंट सुरू करू शकत नाही. आणि काम झालं की ग्रिप लावण्याआधी मोठ्यानं विचारायचं, "लावू का?" समोरून उत्तर येईपर्यंत लावायची नाही. घरीसुद्धा.

"लावू का गो?" ते बोर्डापाशी उभे राहून विचारायचे.

"लावा," मी स्वयंपाकघरातून म्हणायचे. कधी मुद्दाम उशिरा म्हणायचे. मग ते ओरडायचे, "मास्तरीणबाई, वर्गात झोपलात का?"

मे २०२२ मध्ये मुरबाडकडच्या एका गावात हळदीचा मांडव होता. त्यांनी त्या घराची ग्रिप काढून खिशात ठेवली होती. ते गेल्यावर ती त्यांच्या खिशातच सापडली. पण त्यांचा हात वायरीवर असतानाच कुणीतरी दुसरी ग्रिप आणून लावली. कोणी, ते कळलं नाही. गाणं सुरू झालं, एवढंच सगळ्यांना आठवत होतं.

तर त्या मंगळवारी मी ती कोमट ग्रिप हातात घेऊन बराच वेळ बसले. मग लावली. दिवा लागला, फ्रिज घरघरायला लागला.

दुसरी किल्ली हौसाकाकीकडे असते. तिला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू गो? मी माझ्या घरातलं बटणपण काठीनं दाबतंय." ते खरंच आहे.

मग मी वही काढली.

आमचा बोर्ड सासऱ्यांच्या काळातला. तेव्हा घरात चार बल्ब आणि एक पंखा होता. आता फ्रिज होता, गिझर होता, पाण्याची मोटार होती, इस्त्री होती. गिझर नऊ अँपिअर, मोटार साधारण पाच, इस्त्री चार. त्या वायरी एवढ्या भाराच्या नव्हत्याच. मोटार सुरू केली की दिवे मंद व्हायचे. फळीला उलटा हात लावला तर गरम लागायची. अधूनमधून बारीक चर्र असा आवाज यायचा. बोर्ड बदलायची वेळ झाल्याची ही सगळी लक्षणं. मी ती दहावीच्या मुलांना शिकवते.

आणि फ्यूज उडत का नव्हता, तेही मला माहीत होतं. २०२१ च्या दिवाळीत माझ्या गिझरमुळे तो सारखा उडायचा. तेव्हा यांनी कंटाळून ग्रिपमध्ये तांब्याची जाड तार पिळून बसवली. ती कधी वितळणारच नव्हती. मी बोलले त्यांना. म्हणाले, "तात्पुरतं आहे गो. दिवाळी झाली की नवीन पॅनल बसवतो."

गावभर दुसऱ्यांचे बोर्ड बदलणाऱ्या माणसाला स्वतःचा बदलायला वेळ झाला नाही.

२३ डिसेंबरला पुन्हा झालं. ३ जानेवारीला पुन्हा.

मी तारखांपुढे त्या वेळी काय काय चालू होतं ते लिहिलं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं. भार वाढला होता तेव्हाच ग्रिप निघाली होती. पहिल्या दिवशी तर सकाळी घाईत गिझरच चालू राहिला होता.

फ्यूज स्वतः उडत नव्हता. म्हणून कुणीतरी तो काढत होतं.

इथे मला रविंद्रला फोन करायला हवा होता. रविंद्र यांच्या हाताखाली शिकला. तासाभरात आला असता.

मी फोन केला नाही.

पुढचं लिहायला मला जड जातंय. जानेवारीत मी चार वेळा गिझर, मोटार आणि इस्त्री मुद्दाम एकदम सुरू केली. आणि ओटीवर जाऊन बसले. मी बोर्डाकडे बघत असले की काही होत नसे. बोर्डाकडे पाठ करून बसावं लागे.

मी बसायचे. समोर माहुलीचा डोंगर काळा होत जायचा. आतून फ्रिजची घरघर ऐकू यायची.

मग... ती थांबायची.

टक्. चिनीमातीचा हलका आवाज.

कधी अकरा मिनिटांनी, कधी सतरा. मी लगेच आत जायचे नाही. जाणाऱ्याला जायला वेळ द्यावा, असं काहीतरी वाटायचं. मग आत जाऊन खिशात हात घालायचे.

कोमट.

आपण काय करतोय ते मला कळत होतं. त्या फळीमागे काय होत असेल, तेही. पण नवीन पॅनलमध्ये काढायला ग्रिप नसते. ते बसवलं तर घरात कुणी येण्याचं कारणच उरणार नव्हतं.

हौसाकाकी एकदा कुंपणावरून म्हणाली, "तुझ्याकडं काय जळतंय गो? रबराचा वास येतोय कालपासून." मी म्हटलं, दूध उतू गेलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी. पाचव्या तासाला खडू काढायला पर्समध्ये हात घातला...

हाताला गुळगुळीत, कोमट काहीतरी लागलं.

वर्गात बेचाळीस मुलं होती. मी पर्स बंद केली. प्रयोगवहीची सूचना दिली, ती काय दिली ते आठवत नाही.

तोपर्यंत एक शंका मी वहीत लिहून ठेवली होती. मीच ग्रिप काढत असेन, आणि विसरत असेन. एकट्या माणसाचं असं होऊ शकतं. त्या दिवशी तर ती माझ्याच पर्समध्ये होती. म्हणजे मीच, दुसरं कोण?

घरी आल्यावर हौसाकाकी म्हणाली, "बाहेरचा बल्ब इझवायला इसरलीस. दुपारी बारापर्यंत जळत होता. मग आपोआप इझला."

बारा वाजता मी शाळेत होते. ग्रिप घरात लागलेली होती.

गिझरचं बटण सकाळपासून चालूच होतं. त्या दिवशी मुद्दाम नव्हे. विसरले होते.

त्या संध्याकाळी मी अंधारात बसले. शर्टाचा खिसा रिकामा होता. इतके दिवस ते ग्रिप स्वतःच्या खिशात ठेवत होते. आज माझ्याकडे दिली होती. ज्याचं काम त्याच्या खिशात, असंच ते म्हणायचे.

मी रविंद्रला फोन केला.

तो रविवारी आला. लाकडी फळी भिंतीवरून उतरवली आणि उलटी केली. मागची बाजू कोळसा झाली होती. वायरींवरचं रबर बोट लावताच गळून पडलं. मागच्या वाशापर्यंत काळं गेलं होतं.

"वयनी, ग्रिप कधीपासून काढलेली हाय?"

"शुक्रवारपासून."

"शुक्रवारी दिवसभर लागलेली असती ना, तर आज मी बोर्ड बघायला नसतो आलो." एवढंच बोलून तो कामाला लागला.

दुपारी तीनपर्यंत नवीन पॅनल बसलं, नव्या वायरी ओढून झाल्या. रविंद्र बाहेर मीटरपाशी गेला. मी मागच्या खोलीत होते. त्यानं विचारलं, यांच्याच चालीत...

"लावू का?"

मी तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही.

थोड्या वेळानं दिवे लागले. रविंद्र आत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"वयनी, बरं झालं थांब बोललात. परत बघितलं तर एक वायर ढिली. मीटरच्या पत्र्याला टेकलेली. मी हात टेकून उभा होतो त्याला."

मी म्हटलं, मी काहीच बोलले नाही.

तो हसला. "बोललात ना तुमी. आधी थांब बोललात, मग मी वायर आवळल्यावर लाव बोललात. आवाज जरा बसल्यावानी होता, पण तुमीच."

मी पुन्हा नाही म्हटलं नाही. त्यानं चहाही घेतला नाही.

फळी तो घेऊन गेला. ग्रिप मी ठेवून घेतली. शर्टाच्या खिशात.

नंतरचं दीड वर्ष शांत गेलं. भार वाढला की पॅनलचा खटका स्वतःच पडतो. मी तो वर करते. त्यात कुणी कुणाला विचारायचं नसतं.

गेल्या महिन्यात शर्ट उन्हात घालायला काढला.

खिसा रिकामा होता...

पर्स पाहिली, सगळे खण पाहिले, फ्रिज सरकवून पाहिला. ग्रिप अजून मिळालेली नाही. घरात लाइट आहे. पॅनल थंड आहे. रविंद्रला बोलावून सगळं तपासून घेतलं, कुठेही दोष नाही.

पण ग्रिप कुणाच्यातरी खिशात आहे. म्हणजे कुठलंतरी काम चालू आहे.

आता रोज सव्वासहाला कुलूप उघडते. बटणावर बोट ठेवते आणि हळूच विचारते, "लावू का?"

आणि आतली फ्रिजची घरघर थांबते.

फ्रिज अधूनमधून थांबतोच. त्याला थर्मोस्टॅट असतो. मी विज्ञान शिकवते, मला माहीत आहे. पण रोज? माझ्या विचारण्यावर?

उत्तर येत नाही. आणि उत्तर आल्याशिवाय लावायचं नाही, असा आमच्या घरातला नियम आहे.

काल मी पावणेआठपर्यंत अंधारात उभी होते.