पातळ पत्र्याची करंजी

अख्ख्या चंद्रावर मासे दोनच, आणि त्या सकाळी ते दोघंही शाल्मलीच्या घरच्या प्रेशर कुकरात पोहत होते. टाकी होईपर्यंत तेवढंच भांडं रिकामं होतं. पण इवल्याशा पाण्यातला प्राणवायू संपत आलेला. मासे सारखे वर येऊन तोंडं उघडायला लागले.

टाकी बनवत होता ठोंबरे नावाचा यंत्रमानव. तो आधी जाडजूड बॉयलरच्या कारखान्यात होता. तिथल्या सवयीनं, जोडायचं काहीही दिसलं की हा आधी कडा घासून तिरक्या करायचा. काल त्यानं फाटलेल्या पोळीलाही सोडलं नव्हतं. आज अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या कडा घासून त्यानं वेल्डिंग (धातूच्या कडा वितळवून एकजीव करणं) सुरू केलं आणि सांध्याच्या जागी भोकांची रांग पडली.

"हवा खेळती राहील," ठोंबरे म्हणाला.

शाल्मलीनं धावत जाऊन इंदुआत्याला आणलं. आत्या वसाहतीची धातुशास्त्रज्ञ. पत्रा बघून तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, जाड प्लेटीत उष्णता तळापर्यंत पोचत नाही, म्हणून कडा तिरक्या करून मधे पन्हळ करतात आणि ती वितळलेल्या धातूनं भरतात. पातळ पत्र्यात उष्णता आरपार जातेच. त्याची कड घासली तर उरते नुसती धार, आणि ती क्षणात वितळून गळते.

"मग उलट कड जाड करू की. करंजीला मुरड घालतो तशी दुमडून," शाल्मली म्हणाली.

"अगं, इतक्या पातळ पत्र्याला असंच करतात. तुला कुणी सांगितलं?"

"सारण बाहेर आलं की आई ओरडते ना."

मग घाई उडाली. नव्या पत्र्यांचा बर (कापताना कडेला राहिलेले काटे) काढला. तेल पुसलं, नाहीतर ते जळून सांध्यात बुडबुडे राहतात. दोन्ही कडा जेमतेम दीड मिलिमीटर वर उभ्या करून एकमेकींना चिकटवल्या, फट नाही. पत्रा हलू नये म्हणून ठोंबरेनं अधूनमधून वेल्डिंगचे टाके घातले आणि ज्योत फिरवली. उभ्या कडा वितळून खाली बसल्या, सांधा त्यांनीच भरला. वेगळा धातू लागलाच नाही.

पाणी भरलं. कुठून थेंब गळला नाही. हवेचा पंप सुरू झाला, मासे आत सोडले. आधी ते तळाशी निपचित राहिले. मग एकानं शेपटी झटकली आणि दुसरा त्याच्यामागे सुसाट सुटला.

शाल्मली तोवर उरलेला पत्रा मोजायला लागली होती. वसाहतीच्या अख्ख्या बोगद्याएवढी टाकी, शंभर मासे.

"एवढ्या लांब सांध्यात तापून पत्रा वाकडा होईल, त्याचं काय?" आत्यानं विचारलं.

शाल्मलीनं खडू उचलला आणि जमिनीवर रेघ ओढली. "हे बघ, एका टोकापासून सुरुवात करायचीच नाही. मधून सुरू करून थोडं इकडे, थोडं तिकडे जोडत जायचं, म्हणजे एकाच जागी तापणार नाही."