विहिणीची अंगठी

अकताउच्या बंदरावर क्रेन दुरुस्त करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या माणसाने लोखंडी नट बोटात घालून बघू नये, एवढी अक्कल मेइरबेकला असायला हरकत नव्हती. पण जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी म्हणालं, "ही बघ तुझ्या मापाची अंगठी," आणि त्याने घातला. घातला तो घातला, निघेना. तेल चोळून झालं, ओढाताण झाली, बोट वांग्यासारखं सुजलं. दवाखान्यात ही रांग. शेवटी मुकादमाने सांगितलं, बाजारातल्या सराफाकडे जा, तिथे दुरुस्तीच्या खिडकीत एक मुलगी बसते, ती काढते.

मुलगी बसलेली होती. एका डोळ्याला भिंग लावून ती तुटलेली साखळी सांधत होती. त्याच भिंगातून तिने त्याचं बोट न्याहाळलं.

"झाला वाटतं साखरपुडा," ती म्हणाली. "वहिनींची आवड जरा वजनदार दिसते."

"निघेल का हो?"

"निघेल. कोणी बळजबरीने घातली, की राजीखुशीने?"

"राजीखुशीने..."

"मग थोडं दुखणार."

तिने पर्समधून रेशमी दोऱ्याचं रीळ काढलं. दोऱ्याचं टोक सुईने नटाखालून सरकवलं, उरलेला दोरा बोटाला नखापर्यंत घट्ट गुंडाळला आणि मग खालच्या टोकाने हळूहळू उलगडत आणला. एकेक वेढा सुटला, की नट तेवढाच पुढे सरके. मेइरबेक बोटाकडे बघतच नव्हता. तिच्या कपाळावर एक बट सारखी पुढे येत होती आणि हात गुंतलेले असल्यामुळे ती फुंकरीने मागे सारत होती. टक्‌कन आवाज झाला आणि नट काचेवर पडला. त्याला वाईटच वाटलं.

"किती द्यायचे?"

"नटाचे पैसे घेत नाही आम्ही. सोनं-चांदी असेल तर सांगा."

"मग... चहा?"

तिने भिंग कपाळावर चढवलं. दोन्ही डोळ्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "सहाला सुटते मी," ती म्हणाली.

तिचं नाव तोरगिन. सहाला सुटलेली तोरगिन त्या दिवशी साडेआठला घरी पोचली.

मग तो उन्हाळा तसाच गेला... किनाऱ्यावरच्या कठड्याशी, वाऱ्यात. अकताउचा वारा बोलू देत नाही, शब्द तोंडातून पळवून नेतो. त्यामुळे एकमेकांच्या कानाशी वाकून बोलावं लागतं, आणि याबद्दल दोघांनीही कधी तक्रार केली नाही. तुम्हीचं तू कधी झालं तेही कळलं नाही.

एवढं सगळं बरं चाललं असताना मेइरबेकच्या जिवाला घोर लागला तो अंगठीचा. लग्नाचं विचारायचं तर हातात काहीतरी हवं. पण जी मुलगी दिवसभर लोकांच्या अंगठ्या हाताळते, तिच्यासाठी अंगठी घ्यायची कुठून? तिला सांधा कुठे आहे ते दिसतं, मुलामा कुठे उडणार ते कळतं, खडा काचेचा आहे हे ती तळहातावर घेऊनच ओळखते. वर तिने एकदा सांगून ठेवलेलं.

"परवा एक जण भली मोठी अंगठी मोडायला घेऊन आला. लग्न मोडलं म्हणे. मी विचारलं, ही कोणी निवडली? म्हणाला, दुकानदाराने. बघ, मोडणारच ना."

"मग अंगठी कशी असावी?" त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोणाच्या तरी मनातून आलेली. स्वस्त असली तरी चालेल. खोटी नको." आणि मग डोळे बारीक करून, "का रे? कोणासाठी चौकशी?"

"मुकादमासाठी," मेइरबेक म्हणाला.

दुसरा घोर त्याहून मोठा होता. तोरगिनची आई कलामपिर, जिला मेइरबेक आईच्या मानाने 'अपा' म्हणायचा, ती अजून 'या' म्हणत नव्हती. रीत अशी, की मुलाच्या आईने मुलीच्या घरी यावं आणि तिच्या कानात डूल घालावेत. डूल घातले, की मुलगी ठरली. मेइरबेक तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. रेल्वेत नोकरी करणाऱ्या अबोल बापाने त्याला एकट्याने वाढवलं. डूल घालायला बेइनेउहून आत्या येणार होती, पण ती दोन दिवस राहून परत जाणारी.

"पोरगा चांगला आहे," कलामपिर लेकीला म्हणायची. "मी कुठे नाही म्हणते? पण त्या घरात बाई नाही. मी माझी मुलगी कोणाच्या पदरात घालू?"

पण निदान तोरगिनचा होकार तरी हातात असावा, म्हणून तो अंगठी शोधत राहिला. झगमगीत दुकानांत जे परवडे ते बघवत नव्हतं आणि जे बघवे ते परवडत नव्हतं. शेवटी एका रविवारी जुन्या बाजारात, समोवार आणि पितळी किटल्यांच्या गर्दीत, एका म्हातारीच्या फडक्यावर त्याला ती दिसली. चांदीची, रुंद, जुनी. वरची पट्टी एकच, अंगभर बारीक दाणे बसवलेले, पण खाली बोटासाठी कडी दोन, शेजारी-शेजारी. त्याने अशी कधी पाहिली नव्हती. दोन कड्यांवर एकच अंगठी... त्याला वाटलं, अरे, हे तर आम्हीच.

"आईने पाठवलं का रे तुला?" म्हातारीने विचारलं.

"आई नाही मला."

म्हातारीने घासाघीस न होताच किंमत निम्म्यावर आणली. "ने. पण देताना दोन्ही हातांनी दे," ती म्हणाली. मेइरबेक शीळ घालत घरी आला.

शुक्रवारी दुपारी कलामपिर दूध आणायला बाहेर पडली होती. तोरगिन स्वयंपाकघरात चहा ओतत होती. मेइरबेकने खिशातला हात तीनदा बाहेर काढला आणि तीनदा आत घातला.

"खिशात काय मांजर आहे?" ती म्हणाली.

"तोरगिन... मला भाषण येत नाही. हे बघ." त्याने दोन्ही हातांनी ती पुढे केली. "ही दुकानदाराने नाही निवडली. मी निवडली. माझ्याशी लग्न करशील?"

तिने अंगठी पाहिली. तिचे ओठ थरथरले. मेइरबेकला वाटलं, रडणार. आणि ती हसायला लागली. किटली खाली ठेवून, टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मेइरबेक कानापर्यंत लाल झाला.

"खोटी आहे का?"

"खोटी कसली, अस्सल आहे. शंभर वर्षांची तरी असेल." तिने डोळे पुसले. "अरे वेड्या, ही विहिणीची अंगठी. मुलीची आई ही मुलाच्या आईला देते. दोन बोटांवर एक, म्हणजे दोन घरं आता एक. माझ्या मुलीला आपली म्हण, असं सांगायचं असतं त्यातून. तू मला तुझी विहीण करतोयस."

मेइरबेक मटकन स्टुलावर बसला. साऱ्या शहरात एवढ्या अंगठ्या, आणि त्याने नेमकी ती आणली होती, जी त्याच्या घरात घ्यायलाच कोणी नव्हतं. "दे इकडे," तो पुटपुटला. "परत करतो."

"थांब ना." ती आता हसत नव्हती. अंगठी उजेडात धरून तिने तिच्यावरून बोट फिरवलं. "तू का घेतलीस ही?"

"दोन कडी दिसली. वाटलं... एक तुझं, एक माझं."

तिने आपलं मधलं बोट एका कड्यात घातलं आणि हात त्याच्यापुढे धरला. दुसरं कडं रिकामं होतं. मेइरबेकने आपली करंगळी त्यात घातली, जरा नेट लावूनच. दोघांचे हात एका पट्टीखाली टेकले. तिचा हात गार होता, त्याच्या हाताला घाम आला होता. असा किती वेळ गेला कोण जाणे, चहावर साय धरली.

"आता काढ," ती हळूच म्हणाली.

त्याने ओढलं. पुन्हा ओढलं.

"मेइरबेक..."

"निघत नाही."

"माझंही नाही निघत," तोरगिन म्हणाली, आणि तेवढ्यात दार उघडलं.

कलामपिर दुधाची बरणी घेऊन उंबऱ्यात उभी. समोर लेक आणि हा, हातात हात, तोंडं चोरासारखी. तिची नजर खाली गेली आणि अंगठीवर थांबली.

"ही कुठली?"

"मी घेतली, अपा. तोरगिनसाठी," मेइरबेक म्हणाला. पळायची सोयच नव्हती, म्हणून खरंच सांगितलं. "ही तुम्ही द्यायची असते, हे आत्ता कळलं. आधी माहीत नव्हतं... घरात सांगणारं कोणी नव्हतं."

कलामपिरने बरणी खाली ठेवली. मेइरबेकला वाटलं, संपलं सगळं. आता शिव्या, मग दार, मग आत्याला फोन, की येऊ नकोस. ती मोरीपाशी गेली, भांड्यांचा साबण घेऊन आली आणि त्याच्या करंगळीला चोळू लागली.

"बोट सैल सोड, बाळा. असं ताठ धरून कसं निघेल?" मग लेकीकडे वळून, "आणि तू गं? दुकानात दिवसाला चार काढतेस ना?"

"सुचलंच नाही, आई," तोरगिन खिडकीबाहेर बघत म्हणाली.

करंगळी सुटली. कलामपिरने अंगठी धुतली, पदराला पुसावी तशी आपल्या झग्याला पुसली आणि हातात धरून बसून राहिली.

"माझ्या आईने माझ्या सासूला अशीच दिली होती," ती म्हणाली. "सासू मला कधी टाकून बोलली नाही. बोलायला तोंड उघडलं, की अंगठीकडे बघायची आणि गप्प व्हायची. मी इतके दिवस म्हणत होते, अशी मी द्यायची कोणाला? त्या घरात घेणारा हात नाही." तिने अंगठी उलटीसुलटी केली. "हा वेडा स्वतःच घेऊन आला."

तिने मेइरबेकचा उजवा हात ओढला आणि दोन बोटांवर ती अंगठी चढवली. नखांच्या थोडी पुढे जाऊन ती थांबली.

"बस, एवढी पुरे. पुन्हा साबण नको," कलामपिर म्हणाली. "आता तूच जावई आणि तूच विहीण. तिला ताप आला, तर उशाशी तू बसायचं. ती रुसली, तर मला फोन करायचा आणि माझ्याशी भांडायचं, विहिणी भांडतात तसं. जमेल?"

"जमेल, अपा," मेइरबेक म्हणाला. आई शब्दाला त्याच्या तोंडात इतकी वर्षं जागाच सापडली नव्हती. आज इथे, साबणाच्या वासात, ती सापडल्यासारखं वाटलं.

"आत्याला सांग, रविवारी डूल घेऊन या. आणि माणसं किती ते आधी कळव, मांस त्या बेताने शिजवायला लागतं." मग तिने चहाच्या कपांकडे पाहिलं. "हा काय चहा आहे? ओतून द्या. नवा करते."

तीन कप चहा पिऊन मेइरबेक निघाला, तेव्हा तोरगिन त्याला सोडायला खाली आली. इमारतीच्या दारात वारा घोंगावत होता. कित्येक दिवसांनी त्याचे खांदे खाली आले होते, श्वास पोटापर्यंत जात होता. तरी एक गोष्ट राहिलीच होती.

"आई हो म्हणाली," तो तिच्या कानाशी वाकला. "तू अजून हो म्हणाली नाहीस. आणि अंगठी तर मलाच मिळाली. तुझ्या बोटात काहीच नाही."

"माझ्या बोटात घालून झाली की. आईनेही बघितली."

"तसं नाही. नीट सांग."

ती पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. त्याला वाटलं, किल्ली. तिने त्याच्या तळहातावर रेशमी दोऱ्याचं रीळ ठेवलं, नट काढला होता तेच.

"हे... वर होतं? तुझ्याजवळ?"

"खुर्चीलाच अडकवली होती पर्स. रोजच असते."

"मग मघाशी का नाही काढलंस? आई येईपर्यंत आपण दोघं अडकून..."

"दोघं कुठे?" तोरगिन म्हणाली. वाऱ्याने पुढे आलेली बट तिने फुंकरीने मागे सारली. "अडकलं होतं तुझं बोट. माझ्याकडचं कडं सैलच होतं."